चौथं भोक

आमच्या ह्यांच्या गाडीच्या टपाला भोक आहे. सनरूफ म्हणायचं असतं त्याला, पण मी जन्मभर भोकच म्हणत आले आणि आता या वयात जीभ वळवायची काही गरज नाही. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा ते नव्हतं. विलायतेत बनलेली दोन दारांची जुनी एमजी, हिरवीगार, टप कसा अख्खा, नव्या पातेल्याच्या बुडासारखा गुळगुळीत. त्यावर ह्यांनी नाना पेठेतल्या एका माणसाकडून कटर चालवून घेतला आणि कुठल्या तरी गोदामातून आणलेलं सरकतं झाकण बसवून घेतलं.

पुण्यात जुन्या गाड्या पाळणाऱ्यांचा एक कंपू आहे. रविवारी जमतात, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालतात आणि मग इडली खायला जातात. त्यांना हे कळलं तेव्हा एकेक जण भेटायला आला, सुतकात भेटायला यावं तसा. एक गृहस्थ तर टपावरून हात फिरवत म्हणाले, की अनंतराव, देवळातल्या मूर्तीला कोणी खिडकी पाडतं का हो. त्यानंतर हे त्या कंपूत गेले नाहीत. आमच्याकडे रुसायचं म्हणजे कायमचं.

भोक पाडलं ते स्वरालीसाठी. स्वराली आमची मुलगी, एकुलती एक. तिला गाडी लागायची. माझं माहेर साताऱ्याचं, आणि साताऱ्याला जायचं म्हणजे कात्रजचा घाट आला. घाटाचं पहिलं वळण लागलं की पोरगी पांढरीफटक पडायची. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. मी म्हणत होते, एसटीने जाऊ. पण ह्यांना लेकीला त्याच गाडीतून न्यायचं होतं. मग कोणी तरी सांगितलं की पोरीला आभाळ दिसलं, वारा लागला तर होणार नाही. झालं. पुढच्या महिन्यात टपाला भोक.

आणि खरंच, खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून तिला गाडी लागली नाही. मागच्या एवढ्याशा सीटवर उभी राहायची, डोकं बाहेर काढायची आणि वरून ओरडून बातम्या द्यायची. बाबा, घार आहे. बाबा, मोठा ढग आलाय, म्हशीसारखा. हे स्टिअरिंग धरून खालून विचारायचे, आता काय दिसतंय? घाट संपेपर्यंत दोघांचं हेच. मी पुढे डबा मांडीवर घेऊन बसलेली. गाडीला तिने नाव ठेवलं होतं, बेडकी.

स्वराली कॉलेजात असताना गेली. डेंग्यूचा ताप आला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. त्याला आता खूप वर्षं झाली. मी त्यानंतर घर आवरलं. कपडे देऊन टाकले, तिची वाजवायची पेटी शाळेला दिली, पलंग विकला. एक फोटो ठेवला, तोही आतल्या खोलीत. वस्तू ठेवून माणूस राहत नाही हे माझं मत, आणि मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई आहे, मत एकदा दिलं की दिलं. घरात आम्ही दोघंही तिचं नाव काढत नाही. काढायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, राहून गेलं.

बेडकी मात्र राहिली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली. दर रविवारी हे खाली जाऊन इंजिन सुरू करायचे, मंडईपर्यंत चक्कर मारून भाजी आणायचे. भोक त्यानंतर एकदाही उघडलं नाही.

आता ह्यांना काचबिंदू झालाय. एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. गाडी चालवणं बंद. त्यात आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. आम्हाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय, तिथे पार्किंग एका स्कूटरपुरतं. म्हणजे बेडकी द्यायलाच हवी. सलिल घेतो म्हणाला. सलिल म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. आयटीत आहे, त्यामुळे जुन्या वस्तूंवर प्रेम करायला त्याच्याकडे पैसा आहे. तो म्हणाला, काकू, भोक असलेली गाडी रॅलीत कोणी बघतसुद्धा नाही, मी ओरिजिनल रूफ पॅनल इम्पोर्ट करतो, टप परत होता तसा होईल. मी म्हटलं, कर बाबा, लवकर कर. मला ते झाकण डोळ्यासमोर नको होतं. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं.

पण ह्यांनी अट घातली. आधी सनरूफ दुरुस्त करायचं. ते उघडलं पाहिजे. एकदा उघड्या टपाने कात्रजच्या घाटातून जायचं, मग सलिलने त्याला काय हवं ते करावं. गेली काही वर्षं ते भोक गळत होतं. पावसाळ्यात सीटवर पाणी, आतल्या कापडाला बुरशीचे डाग, आणि झाकण तर गंजून असं बसलं होतं की हातोडीनेही हलेना. मी विचारलं, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही उघडून करणार काय? ते म्हणाले, दिसत नाही म्हणूनच घाई आहे. मी चहा टाकला.

दिवाळी झाल्यावर सलिलने गाडी वाघोलीला नेली. तिथे योगेश म्हणून एक जण आहे. दोन्ही बाजूंना बाराबारा मजल्यांचे टॉवर आणि मध्ये ह्याच्या वडिलांच्या शेतातला उरलेला तुकडा, त्यावर पत्र्याची शेड. तिथे जुन्या गाड्या सुट्या करून मांडून ठेवलेल्या असतात. योगेश बोलघेवडा. एक गोष्ट विचारली की पाच सांगणार, त्यातली दोन खरी. चार दिवसांनी आम्ही बघायला गेलो तेव्हा त्याने टपाच्या आतलं कापड खरवडून काढलं होतं. सलिल आम्हाला सोडून ऑफिसच्या कॉलसाठी बाहेर गेला, आणि योगेशने मला मुंडी आत घालून वर बघायला लावलं.

झाकणाच्या भोवती पत्र्याची पन्हळ असते, कौलारू घराच्या कडेला असते तशी. बाहेरून बसवलेल्या सनरूफमधून थोडं पाणी झिरपतंच, ते त्या पन्हळीत पडतं. पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, त्यांना रबरी नळ्या, नळ्या दाराशेजारच्या खांबांतून खाली, आणि पाणी रस्त्यावर. इतकं सोपं.

"पर ही चारी भोकं कुणीतरी एमसील लावून गच्च बुजवलीत ओ काकू," योगेश म्हणाला. "पाणी जायला वाट हाय, तीच बंद. मग पाणी बसलं तितंच साठून, आन् सगळा पत्रा आतनं कुजवला. कुठल्या येड्याचं काम हाय हे?"

येडा माझ्या शेजारीच उभा होता, काठी घेऊन. उभा जन्म पंपांच्या कारखान्यात काढलेला इंजिनिअर. पाणी कुठून येतं नि कुठे जातं ह्याचाच पगार घेतलेला. मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दिसलं नसणार त्यांना, पण कळलं.

मग हळूहळू उलगडा झाला. झाकण बसवलं त्याच पावसाळ्यात आत पाणी आलं होतं. हे नाना पेठेत विचारायला गेले. तो फिटर म्हणाला, साहेब, पावसात गाडी बाहेर काढता कशाला. एवढं पुरे झालं. त्या दुकानाची पायरी परत चढायची नाही आणि दुसऱ्या कोणाला विचारायचंही नाही. दुसऱ्याला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, आणि ते आमच्या सदाशिवपेठी घराण्यात बसत नाही. रविवारी खाली गेले, आतलं कापड उसवून टपाखाली डोकं घातलं, चार भोकं दिसली, त्यातून ओल आलेली दिसली, आणि पाणी इथूनच येतंय असं ठरवून मोकळे झाले. जायच्या वाटा होत्या त्या यायच्या वाटा समजून लिंपून टाकल्या.

मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात योगेशने बॅटरी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर धरली. म्हणाला, ह्या तीन भोकांवर मोठ्या माणसाच्या बोटाचे ठसे हायत, दाबल्याचे. हे चौथं बघा. हे बारकं हाय.

एमसील म्हणजे दोन कांड्या असतात, एक काळपट, एक पांढरी. कणकेसारख्या एकत्र मळायच्या आणि भेगेवर दाबायच्या. वाळलं की दगड होतं, आणि दाबलेलं बोट त्यात तसंच राहतं. त्या चौथ्या भोकावर एक अंगठा होता. इवलासा. खालच्या बाजूला नखाची चंद्रकोरसुद्धा उठली होती, आणि मध्ये त्या बारीक रेषा.

हे काठी टेकत पुढे सरकले.

"एक मी बुजवणार म्हणाली होती," ते म्हणाले. "स्टुलावर उभी केली होती तिला."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या रविवारी वर घरात असणार, स्वयंपाकात. इतकी वर्षं ती गाडी खाली उभी होती, मी तिच्या शेजारून ये-जा केली, तिला शिव्या घातल्या, आणि त्या घाणेरड्या कापडाच्या आत माझ्या मुलीचा अंगठा होता. कपडे दिले, पेटी दिली, मला कशाचं काही वाटलं नव्हतं. आता मला तो अंगठा हवा होता.

ह्यांनी हात वर केला. त्यांना दिसत नाही, तेव्हा मी त्यांचं मनगट धरून बोट तिथे नेलं. ते कितीतरी वेळ त्या खळग्यातून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, राहू दे योगेश, नको उघडायला. टप आहे तसाच राहू दे.

पण तसं राहणार नव्हतंच. योगेशने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बाजूच्या पत्र्याला नुसता हात लावला, तर तांबडी भुकटी खाली पडली. सगळ्यात जास्त तोच कोपरा सडला होता. दुरुस्त करा नाहीतर टप बंद करा, तेवढा भाग कापायलाच लागणार, आणि नाही कापला तर पुढच्या पावसाळ्यात आपोआप गळून पडणार. मी त्याला म्हटलं, मग पत्र्यासकट काप, अख्खं काढून दे मला. सनरूफचं काय व्हायचं ते होऊ दे. तो पहिल्यांदाच एक वाक्य बोलून थांबला. म्हणाला, बघतो काकू.

ह्यांना बाहेर शेवग्याच्या सावलीत बसवलं, चहा दिला. मी आत उभी राहिले. योगेशने आधी पत्र्यावर तेल सोडलं, मग खालून ओल्या फडक्याचा आधार दिला, आणि बारीक पातं लावून अगदी हळू कापायला घेतलं. मी खालून पदर धरला होता. वेडेपणा, पण धरला होता. तीन बाजू सुटल्या. चौथी सुटता सुटता त्या सडक्या पत्र्याने मान टाकली, एमसील मधोमध तडकलं आणि माझ्या पदरात तुकडे पडले. काही भुगा, काही खडे. त्यातल्या एकावर दोन रेषा दिसल्यासारख्या वाटल्या, मी उचलला तर तोही चिमटीत विरला.

योगेशने पातं खाली ठेवलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची चूक नव्हती. मी त्याला तसं सांगितलंही असेन, आठवत नाही.

"निघालं का गं?" बाहेरून ह्यांचा आवाज आला.

"निघालं," मी म्हटलं.

"अख्खं?"

"अख्खं निघालंय. तो साफ करतोय. बसा तिथेच."

मी जन्मात इतकं सरळ खोटं बोलले नव्हते. शाळेत पोरं खोटं बोलली की मला त्यांच्या मानेवरून कळायचं. आता माझी मान कशी होती देव जाणे. मांडणीवर एमसीलचं पाकीट पडलेलं होतं. मी ते फोडलं. दोन्ही कांड्या मळल्या. इतक्या पोळ्या लाटल्या आयुष्यात, पण अशी कणीक कधी मळली नाही. माझा अंगठा लावून पाहिला, फारच मोठा. मग करंगळीचं टोक दाबलं. कडा चिमटीने घासून खडबडीत केल्या, वर गंजाची भुकटी चोळली. योगेश आता वळून बघत होता. त्याने गरम हवेचं मशीन आणलं आणि त्या गोळ्यावर धरून बसला. थोडा वरून टणक झाला तसा मी बाहेर नेला आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी मूठ मिटली. मग उघडली. खळग्यावरून बोट फिरवलं, एकदा नाकाजवळ नेलं. एमसीलला एक वास असतो, ओल्या रंगासारखा, तो माझ्या हाताला येत होता. मी हात पदराखाली घेतला.

"लहान होतं ना बोट तिचं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आज दिवसभर कोणी हात लावू नका ह्याला. पक्कं व्हायला वेळ लागतो."

एवढंच म्हणाले, आणि रुमालात गुंडाळून ते वरच्या खिशात ठेवलं. मी शेवग्याकडे बघत उभी राहिले. मला कळलं की त्यांना कळलंय. त्यांना कळलं की मला कळलंय. पण आमच्याकडे अशा गोष्टी बोलायची पद्धत नाही, आम्ही घरी जायला निघालो.

योगेशने बाकीचं काम चोख केलं. कोपऱ्यात नवा पत्रा जोडला, झाकणाला नवीन रबर लावलं, चारही नळ्या मोकळ्या केल्या. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने टपावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. हे काठी टेकत कसेबसे खाली वाकले, पुढच्या डाव्या चाकामागे हात धरला. धार थेट त्यांच्या तळहातावर आली. हात ओला करून घेतला आणि उठले.

सलिल चालवत होता. ह्यांना पुढे बसवलं. मागची सीट म्हणजे शिक्षाच आहे, गुडघे हनुवटीला लागतात, पण मी तिथेच बसते म्हटलं. वाघोलीहून कात्रजपर्यंत ट्रॅफिकमध्ये बेडकीने दोनदा मान टाकली आणि सलिलने दोनदा इंग्रजीत शिव्या घातल्या. जुन्या घाटाला लागलो तेव्हा ऊन कललं होतं. हे म्हणाले, उघड. सलिलने हँडल फिरवलं. झाकण सरकलं, वारा एकदम आत आला, माझे केस सगळे तोंडावर. इतक्या वर्षांनी तोच वारा, तीच वळणं. फक्त सीटवर कोणी उभं नव्हतं, मी आपली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मागे न बघता, खांद्यावरून माझ्या हातात दिला. म्हणाले, आता वाळलंय, तू ठेव.

मी रुमाल सोडवला. गोळा दगडासारखा झाला होता. वरच्या बाजूला माझ्या करंगळीचा खळगा. तो बघून मी पालथा केला, तर खालच्या बाजूला अंगठा. मोठा, रुंद, डाव्या कडेला जुन्या कापल्याची खूण असलेला. मी त्या हाताशी लग्न केलंय, मला ओळखायला वेळ लागला नाही. त्या दिवशी तो गोळा ओला होता तेव्हाच, माझ्यासमोर मूठ मिटून, त्यांनी खालून दाबला होता.

आमच्या दोघांचं बोट होतं त्याच्यावर. तिचं नव्हतं. तिचं आता कुठेच नव्हतं.

आणि मग मला रडू आलं. तिला नेलं त्या दिवशी आलं नव्हतं, पेटी दिली तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं आलं. सलिल घाबरला, गाडी थांबवू का म्हणाला. हे म्हणाले, चालव तू.

एक वळण गेलं. मग दुसरं. ह्यांनी मान थोडी मागे टेकली, तोंड आभाळाकडे केलं.

"आता काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कोणाला असायचा ते मला माहीत होतं. मी वर पाहिलं. घार असेल, ढग असेल, काहीतरी सांगायला हवं होतं. पण डोळ्यांतलं पाणी खळेना.

"मला काही दिसत नाहीये हो," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "उघडंच राहू दे थोडा वेळ."